मुतखडा नव्हता

९ मे. त्या दिवशी गाद्या गच्चीवर टाकायचं काम काढलं होतं.

नीटची परीक्षा होऊन दोन दिवस झाले होते. चौदापैकी अकरा मुली आपापल्या गावी गेल्या होत्या. दर वर्षी हे तीन-चार दिवस मी खोल्या साफ करण्यासाठी ठेवते. गाद्यांना ऊन, कपाटांना फिनेल, आणि भिंतींवर डकवलेले सूत्रांचे कागद ओल्या फडक्यानं सोडवायचे. लातूरच्या ट्यूशन एरियात माझी मेस आणि मुलींचं छोटं वसतिगृह अठरा वर्षांपासून आहे. माझे यजमान जवळच्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून इथे मीही सरच म्हणते.

साडेदहाला माधवराव आले. शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या एका गावचे बागायतदार. त्यांची प्रतीक्षा दोन वर्षं माझ्याकडे होती. तिची ट्रंक न्यायला आले होते. एरवी हा माणूस ती ट्रंक खांद्यावर घालून दोन जिने चढायचा आणि वर येऊन मलाच विचारायचा, "ताई, जिना केलाय का गड बांधलाय?" त्या दिवशी खालीच खुर्चीवर टेकले, एका बाजूला कलून, आणि टेम्पोवाल्याला वर पाठवलं. पँट ढगळ झाली होती. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक होतं.

"कंबर लई धरली हाय, ताई," म्हणाले. "तुमची पानं दीड वरीस झालं पिऊन राहिलो. खडा काय पडंना."

दारात अजून दोन मुलींचे वडील उभे होते. मी म्हटलं, "पाणी जास्त प्या."

हेच माझ्या तोंडून बाहेर पडलं. माधवरावांनी मान हलवली, तुरीच्या डाळीची पिशवी माझ्यापुढे ठेवली, हात जोडले आणि ट्रंकेबरोबर गेले. मी गच्चीवर गेले आणि नुकत्याच उलट्या केलेल्या गाद्या पुन्हा उलट्या केल्या.

माधवरावांना मुतखडा नसावा, ही शंका मला दिवाळीतच आली होती. ती मी सहा महिने कोणाला बोलून दाखवली नाही. का, ते कळायला आधी आमच्या घरातलं आजारपण सांगावं लागेल. ज्यांच्या घरात हे दुखणं आलं आहे त्यांना यातलं काही उपयोगी पडलं तर पडो.

पहिला रिपोर्ट

पाच वर्षांपूर्वी सर चोपन्न वर्षांचे होते. रात्री चार-पाच वेळा उठायचे. धार नीट यायची नाही. दुखत काही नव्हतं, त्यामुळे वयाच्या खात्यावर टाकून आम्ही आठ-नऊ महिने काढले. मग रक्ताची पीएसए तपासणी झाली, आकडा फार वर निघाला, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला.

डॉक्टर सांगत होते तेव्हा सर वहीत लिहून घेत होते. तपासणीत चूक किती होऊ शकते, असं त्यांनी दोनदा विचारलं. बाहेर आलो. स्कूटरला किल्ली लावता लावता ते म्हणाले, "क्लासमध्ये कळायला नको." मी म्हटलं, "कशाला कळेल?"

एवढंच. पुढच्या पाच वर्षांचा निर्णय दवाखान्याच्या पार्किंगमध्ये दोन वाक्यांत झाला.

आमच्या भागात शिक्षकाचा चेहरा चौकातल्या फलकावर असतो. पालक प्रवेश घेताना पहिला प्रश्न विचारतात, हे सर दोन्ही वर्षं राहतील ना? सरांचा आजार कळला असता तर प्रवेश शेजारच्या क्लासला गेले असते, आणि मुलींबरोबर माझ्या खाटाही. हे एक कारण. दुसरं कारण आजाराची जागा. छातीचा, घशाचा आजार सांगता येतो. हा कसा सांगणार? शेजारणीनं विचारलं तर कुठे बोट दाखवणार?

नांदेडचा बाक

रेडिएशन नांदेडला घ्यायचं ठरलं, कारण तिथे सरांच्या थोरल्या बहिणीचं, विमलताईंचं घर आहे. मे-जूनच्या सुट्टीत साडेसात आठवडे. क्लासमध्ये आणि पालकांना सांगितलं की सर नांदेडला नव्या शाखेची जुळवाजुळव करायला गेलेत. ती शाखा अस्तित्वातच नव्हती. तरी दोन पालक माझ्याकडे तिथल्या प्रवेशाची चौकशी करायला आले आणि एकानं जागा धरून ठेवायला सांगितली. मी बरं म्हटलं.

विमलताईंना हे कळल्यावर त्यांनी पोळी लाटता लाटता मला सुनावलं. "कॅन्सर झालाय त्याला, नंदा. कुणाच्या घरी चोरी नाही केली." मी ताटं घ्यायला लागले.

रेडिएशनच्या वेळी मूत्राशय भरलेलं लागतं. म्हणून आधी बाटलीभर पाणी प्यायचं आणि धरून बसायचं. यंत्र बिघडलं किंवा आधीच्या माणसाला वेळ लागला की बाहेरच्या बाकावरचे सगळे पुरुष पायाला पाय लावून, ओठ मिटून बसलेले. देगलूरकडचे एक म्हातारे होते, धोतर-टोपीतले. एके दिवशी तासभर खोळंबा झाला तेव्हा ते सरांना म्हणाले, "मास्तर, आमच्या वक्ताला परीक्षेतबी मुतायला सोडत व्हते. हितं तेबी न्हाई." सर इतके हसले की त्यांना उठून जावं लागलं आणि पुन्हा पहिल्या बाटलीपासून सुरुवात करावी लागली.

त्या बाकावर सगळे सगळ्यांना सगळं सांगायचे. कोणाला जळजळ होते, कोणाचं पोट बिघडलंय, कोणाची बायको वैतागलीय. सर तिथे मोकळे असायचे. लातूरला परतल्यावर मात्र तो बाक आम्ही कधी कुठे मांडला नाही.

वर वळलेली रेघ

रेडिएशननंतर आकडा उतरला. दर सहा महिन्यांनी तपासणी. रिपोर्टांची फाइल मी प्रवेश अर्जांच्या मागे, वरच्या कप्प्यात ठेवायची. सर ग्राफ पेपरवर प्रत्येक आकड्याचा ठिपका मांडून रेघ जोडायचे. दोन वर्षं रेघ खाली गेली, आडवी पडली. मग एक ठिपका थोडा वर आला, पुढचा त्याहून वर. सरांनी पट्टी ठेवून पाहिली आणि म्हणाले, "वळतेय."

पुन्हा तुकडा, पुन्हा स्कॅन. कॅन्सर त्याच गाठीत परत आला होता, बाहेर पसरलेला नव्हता. त्याच जागी पुन्हा रेडिएशन देता येत नाही, आणि आधीच्या रेडिएशननं तिथलं सगळं चिकटलेलं असल्यामुळे कापून काढणंही अवघड, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. एक मार्ग इंजेक्शनांचा, तो कायमचा. दुसरा मार्ग हैदराबादला होता. सुया घालून ती गाठ गोठवायची.

हैदराबादच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मागच्या आणि पुढच्या जागेच्या मधल्या कातडीतून स्वेटरच्या सुयांपेक्षाही बारीक सुया आत जाणार, त्यांतून गॅस सोडला की टोकाशी बर्फाचा गोळा होणार, तो वितळू द्यायचा आणि पुन्हा एकदा गोठवायचं. लघवीच्या नळीत कोमट पाणी फिरत ठेवतात, म्हणजे ती गोठत नाही. मग पेन खाली ठेवून भिंतीकडे बघत त्यांनी सांगितलं की लघवी काही काळ, कदाचित कायमची, गळेल. आणि नवरा-बायकोचे संबंध बहुतेक संपतील. चालेल का?

मी म्हटलं, "चालेल."

सरांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. बाहेर येऊन आम्ही परतीची बस पकडली. झहीराबाद मागे पडल्यावर म्हणाले, "विचारलं असतंस तर मीही हेच म्हणालो असतो. पण विचारायचं, नंदा."

मला कामं उरकायची सवय आहे. चौदा मुलींची मेस विचारत बसून चालत नाही. पण ते काम माझं नव्हतं. ज्या बायका हे वाचतील त्यांना एवढंच सांगते की तिथे गप्प बसा. तो प्रश्न त्यांचा असतो.

डॉक्टर पुढच्याच आठवड्यातली तारीख देत होते. तेव्हा सप्टेंबर चालू होता. मी दिवाळीची सुट्टी मागितली. कारण विचारलं तर सांगितलं, बारावीचा भाग पुरा व्हायचाय. डॉक्टर म्हणाले, महिनाभर चालेल, त्यापुढे नको. आम्ही पाच आठवडे आणि वर तीन दिवस लावले. निभावलं. पण ती चूक नव्हती असं त्यावरून ठरत नाही.

गोठवण्याचा दिवस

कमरेखाली भूल दिली होती, त्यामुळे सर जागे होते. आत त्यांनी गॅस कोणता ते विचारून घेतलं. संध्याकाळी मला म्हणाले, "गॅस एकदम पसरला की थंड होतो, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहितोय. आज पोरांऐवजी मला समजलं."

दुसऱ्या दिवशी विनोद संपले. खाली सगळं सुजून काळं-निळं पडलं होतं. मी पाहिलं आणि पडद्याबाहेर आले. सुजेची भीती नव्हती वाटली. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं उजेडात कधी पाहिलंच नव्हतं. आणि तिथे वॉर्डबॉय, सिस्टर, सगळ्यांनी पाहिलेलं.

नळी आणि पिशवी कशी सांभाळायची हे शिकवायला एक पोक्त सिस्टर आली. मी नजर दुसरीकडे ठेवून हात पुढे केला. ती म्हणाली, "शरम बाद में, अम्मा. पहले हाथ धो." मग कुकरची शिट्टी बसवायला शिकवावं तसं तिनं मला सगळं शिकवलं. पिशवी कमरेच्या खालीच ठेवायची, नळीला पीळ पडू द्यायचा नाही, टॉवेलची गुंडाळी करून सुजेखाली आधार द्यायचा, लघवी लाल दिसली तर पाणी वाढवायचं आणि थांबली तर लगेच फोन करायचा. पाच मिनिटांत मला जमलं. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं.

पानफुटी

भाऊबीजेनंतर मुली परतायला लागल्या. नळी अजून आठवडाभर राहणार होती. सर दुपारी आतल्या व्हरांड्यात लुंगीवर बसायचे, पिशवी खुर्चीच्या पायाला अडकवलेली, वर पंचा. माधवराव प्रतीक्षाला सोडायला आले ते थेट आत आले. ते घरच्यासारखेच होते. तेवढ्यात पंचा सरकला.

माधवराव पिशवीकडे बघत राहिले. सरांनी वर्तमानपत्र वर घेतलं. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "मुतखडा काढलाय सरांचा."

"मग त्येला काय हुतंय," म्हणत ते मोकळे होऊन बसले. आपल्यालाही अधूनमधून लघवीचा त्रास आहे, म्हणाले. कसला त्रास, हे मी विचारलं नाही. विषय तिथेच मिटावा म्हणून कठड्यावरच्या कुंडीतली पानफुटीची मूठभर पानं तोडली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दिली. रोज सकाळी दोन पानं वाटून पाण्यातून घ्या, आणि एखादं मातीवर ठेवा, कडेनं रोपं फुटतात, असंही सांगितलं. मग कोणी विचारलेलं नसताना पुढे जोडलं, "सरांना याचाच गुण आला."

सरांनी आजवर ती पानं चाखलेलीही नाहीत.

माधवरावांचा माझ्यावर विश्वास होता, आणि तो एकट्यांचा नव्हता. खेड्यातून पोरीला शहरात ठेवणारे आईबाप मेसवालीवर सगळं सोपवतात. कोणता डॉक्टर, कोणतं औषध, चष्मा कुठे करायचा, सगळं विचारून जातात. काकूंनी सांगितलं म्हणजे झालं.

औशाचं दुकान

नळी निघाली आणि गळती सुरू झाली. सर खोकले की, उठले की, फळ्याच्या वरच्या टोकाला हात नेला की. त्यांनी काळ्या पँटी शिवून घेतल्या, बसून शिकवायला लागले, एसटीनं जाणं बंद केलं. मोठ्यांचे डायपर लातुरात घेतले असते तर संध्याकाळपर्यंत ट्यूशन एरियाला कळलं असतं. म्हणून मी दर महिन्याला औशाला जायची. दुकानदाराला सांगायची, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. सासूबाई वारून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तो भला माणूस दर वेळी विचारायचा, आता कशी आहे तब्येत? मी दर वेळी काहीतरी सांगायची. एकदा तर त्यांना पेज जाऊ लागली असंही सांगितलं.

औसा माझ्या संसाराचं पहिलं गाव. भूकंप झाला तेव्हा लग्नाला वर्षच झालं होतं, सर तिथल्या शाळेत होते. आमच्या गल्लीनं नंतरचे काही महिने शाळेच्या मैदानावर पत्र्यांच्या शेडमध्ये काढले. आंघोळीला शेजारणी आळीपाळीनं लुगडं धरून उभ्या राहायच्या. सरांना जुलाब लागले ते सात शेडांना माहीत होतं, आणि सात शेडांतून ताक यायचं. त्याच मैदानाला वळसा घालून मी डायपरची पिशवी साडीच्या खोक्यात घालून बसस्टँडवर जायची. मैदानाकडे मान वळवायची नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

सात महिन्यांनी गळती बरीच कमी झाली. आता पातळ पॅडवर भागतं. आकडा खाली आहे, ग्राफची रेघ पुन्हा आडवी झाली आहे. संबंधांचं डॉक्टर म्हणाले तसंच झालं. त्याबद्दल आम्ही दोघं एकदा बोललो. एकदाच बोललो, पण नीट बोललो, आणि त्याचा उपयोग झाला.

दिवाळी

गेल्या दिवाळीत माधवराव जेवायला बसले होते. पानांचा गुण कसा काय, मी सहज विचारलं. ते म्हणाले, "रातच्याला चार-पाच डाव उठून राहिलो, ताई. धार न्हाईच, नुसती ठिबक-ठिबक. दुखत मात्र न्हाई काय बी."

सरांनी पाच वर्षांपूर्वी सांगितलेलं, जवळजवळ त्याच शब्दांत. माझ्या हातात वरणाची पळी होती. मी त्यांना वाढलं.

आमच्या भागात एक रीत आहे. परीक्षा होईपर्यंत पोराला वाईट बातमी कळू द्यायची नाही. आजोबा गेले तरी नाही. एका मुलीचे आजोबा जानेवारीत वारले, तर मे महिन्यापर्यंत तिला फोनवर "झोपलेत" असं सांगायचं, आणि मी दुजोरा द्यायचा. हे मी चारपाच मुलींच्या बाबतीत केलं आहे. घरचे लोक त्याबद्दल माझे आभार मानतात. प्रतीक्षाची बारावी होती. वडिलांना कॅन्सर असू शकतो हे कळलं तर पोरीचं वर्ष जाईल. तेव्हा परीक्षा झाली की सांगू, असं मी स्वतःशी ठरवलं.

हे कारण खोटं नव्हतं. पण ते मला फार सोयीचं होतं. वडिलांना एकटं बाजूला घेऊन सांगता आलं असतं, पोरीला कळायची गरजच नव्हती. मग मुतखड्याचं काय, असं मात्र त्यांनी विचारलं असतं. ते मला नको होतं. म्हणून मी पोरीची परीक्षा पुढे केली. आणि परीक्षा झाल्यावर ते माझ्या दारात कंबर धरून बसले, तेव्हा मी म्हटलं, पाणी जास्त प्या.

गाद्या उतरवताना

संध्याकाळी ऊन कललं तसे सर गाद्या उतरवायला गच्चीवर आले. जड उचलू नका म्हटलं तर एक बाजू धरून म्हणाले, अर्धी तर अर्धी. तिथेच मी त्यांना सांगितलं. माधवराव अजून ती पानं पितात, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"दिवाळीतच तुला शंका आली होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

आम्ही ती गादी खाली नेऊन ठेवली आणि परत वर आलो. दुसरीला हात घालताना ते म्हणाले, "माझ्यासाठी गप्प बसलीस?"

हो म्हणणं सोपं होतं. "अर्धं तुमच्यासाठी," मी म्हटलं. "अर्धं खाटांसाठी."

ते कठड्याला टेकून उभे राहिले. खाली चौकात त्यांचा फलक दिसतो, हसरा, दहा वर्षांपूर्वीच्या फोटोतला. त्याकडे बघत म्हणाले, "शिरूरची पहिली गाडी कितीला आहे?"

मी म्हटलं, मी एकटी जाते, तुम्हाला एसटीत दीड तास बसवणार नाही. ते म्हणाले, "तू सांगितलंस तर ते तुला बरं वाटावं म्हणून मान हलवतील. मी दिसलो तर तपासून घेतील."

आज १३ तारीख आहे. माधवरावांचं रक्त तपासायला दिलंय, कमरेचा फोटो काढून झालाय. रिपोर्ट अजून आलेला नाही. तो चांगला आला तरी माझ्या सहा महिन्यांचं काही कमी होणार नाही.

सकाळी

१० तारखेला पहिल्या गाडीनं निघालो. सरांनी काळी पँट घातली, दुसरी पिशवीत घेतली. मध्ये गाडी थांबली तेव्हा एकदा उतरून आले. नऊच्या आत माधवरावांच्या अंगणात होतो.

प्रतीक्षानं पाणी आणलं. परीक्षेचं विचारायला आलो असं तिला वाटलं. तिला आत पाठवावं की नाही, असं माझ्या मनात येईपर्यंत सर बोलायला लागले होते.

"माधवराव, मला मुतखडा नव्हता. कॅन्सर होता. लघवीच्या वाटेवरच्या गाठीचा. तुम्ही पिशवी पाहिलीत, ती त्याचीच. तुम्हाला जे होतंय, तसंच मला सुरुवातीला होत होतं. तुम्हाला तोच असेल असं नाही. पण तपासायला पाहिजे, आणि उशीर नको."

प्रतीक्षा हातात तांब्या धरून उभीच राहिली. माधवराव माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "पानं मी दिली. खोटंही मीच बोलले. दिवाळीत मला शंका आली होती, तेव्हाही सांगितलं नाही."

ते रागावतील अशी मी तयारी केली होती. ते उठले, कंबर धरून घराच्या मागे निघाले. आम्ही मागोमाग गेलो. न्हाणीघराच्या भिंतीला लागून, हापशाच्या सांडपाण्यावर, गुडघाभर उंचीची पानफुटीची रांग होती. वीस-पंचवीस रोपं असतील. मधेमधे पानं खुडलेली.

"तुमच्या तीन पानांची हाईत," माधवराव म्हणाले. "गावात ज्येला ज्येला तरास, त्येला दिली. लातूरच्या काकूंची हाईत म्हनून सांगितलं समद्यान्ला. कुनी नगं म्हनलं न्हाई."

सर खाली वाकून पानं बघायला लागले. मी हापशाच्या कट्ट्यावर बसले.

किती जणांना दिली, मी विचारलं. माधवराव बोटं मोजायला लागले. चुलतभाऊ, देवळाचे गुरव, एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, शाळेचे जुने मास्तर, वरच्या आळीतले दोघं. सहावर थांबले, मग म्हणाले, आणि त्या ड्रायव्हरनं मेव्हण्याला नेली हुती, रेणापूरला.

मी पिशवीतून मेसची वही काढली. कोरं पान काढून त्यावर सातही नावं लिहून घेतली, समोर वय, समोर घर. प्रतीक्षा माझ्या बाजूला येऊन बसली आणि मला न आठवणारी आडनावं सांगायला लागली.

सर माधवरावांजवळ थांबले. त्यांना बारा वाजता तपासायला लातूरला घेऊन निघायचं ठरलं. तोवर तीन तास होते. मी पदर खोचला, घरं दाखवायला प्रतीक्षाला बरोबर घेतलं आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून, गुरवांपासून सुरुवात केली. ते ओसरीवर टोपी घालत होते. दारातच मी माझं नाव सांगितलं, आणि त्यांनी बसा म्हणायच्या आत, पानं कोणी दिली ते सांगितलं.